सात पिढ्यांचें अभिवचन

महोत्सव म्हटला म्हणजे हिशेब आलाच. आपल्या देवळाचा पाया केव्हां घातला गेला, कोणकोणत्या धर्मगुरूंनीं येथें सेवा केली, शाळेची इमारत कशी उभी राहिली, किती बाप्तिस्मे झाले व किती लग्नें लागलीं, ही सर्व माहिती वाचकांस ह्या स्मरणिकेंत इतरत्र मिळेलच. ती नोंद अवश्य आहे व ती जमविणाऱ्यांचे श्रम स्तुत्य आहेत. परंतु हा लेख लिहावयास बसल्यापासून आमच्या मनांत एक निराळाच प्रश्न घोळत आहे. ह्या हिशेबांतून देऊळ वजा केलें, धर्मगुरू वजा केले, मिस्सा, पापनिवेदन व ख्रिस्तप्रसाद हींही वजा केलीं, आणि तीं एक दोन वर्षांपुरतीं नव्हे तर दोनशें वर्षांपुरतीं वजा केलीं, तर बाकी काय उरेल?

हा प्रश्न केवळ कल्पनेंतला नाहीं. पृथ्वीच्या पाठीवर एका देशांत ही गोष्ट खरोखरच घडली आहे, आणि त्या देशाशीं आमच्या वसईचा रक्ताचा संबंध आहे. गालीलांतील डोंगरावर शिष्यांचा निरोप घेतांना प्रभु येशूनें जगाच्या समाप्तीपर्यंत त्यांच्या संगतीस राहण्याचें अभिवचन दिलें, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. तें वचन पटण्यास आपल्याला फारसें कठीण जात नाहीं. कारण सांजेची घंटा कानीं पडते, पवित्र कोशापुढील दिवा तेवत असतो, आजाऱ्याच्या उशाशीं धर्मगुरू येऊन पोहोंचतात. जपानांतील नागासाकीच्या आसपास राहणाऱ्या गरीब शेतकऱ्यांस व कोळ्यांस यांपैकीं कांहींएक दिसत नव्हतें. त्यांची हकीकत येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जपानांत सुवार्तेचें बीज पेरलें तें संत फ्रान्सिस झेवियर यांनीं. ज्यांच्या देहाच्या दर्शनास आपल्यापैकीं पुष्कळजण गोव्यास जाऊन आले असतील, तेच हे संत. इ. स. १५४८ मध्यें गोव्यांत अंजिरो नांवाच्या एका जपानी गृहस्थाचा बाप्तिस्मा झाला. त्याला बरोबर घेऊन झेवियर १५४९ च्या १५ ऑगस्ट रोजीं, म्हणजे पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशीं, कागोशिमा येथें उतरले. त्यांच्या पश्चात् आलेल्या धर्मगुरूंच्या श्रमांनीं तो मळा झपाट्यानें वाढला. ओमुरा प्रांताचा सरदार सुमितादा ह्यानें १५६३ सालीं बाप्तिस्मा घेतला; नागासाकी हें बंदर तर ख्रिस्ती लोकांचें शहर म्हणूनच नांवारूपास आलें. सतराव्या शतकाच्या आरंभीं जपानांतील ख्रिस्ती जनांची संख्या सुमारें तीन लक्ष होती असा अंदाज इतिहासकार करितात.

वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचें चरित्र आपल्या घराघरांत ठाऊक असल्यामुळें त्याचा विस्तार करीत नाहीं. पिता पोर्तुगीज, माता वसईची. तरुणपणीं जेझुइट धर्मगुरूंबरोबर जपानांत राहून ते तेथील भाषा इतकी उत्तम शिकले कीं, पुढें मनिल्यास फ्रान्सिस्कन बंधु होऊन १५९३ सालीं ते पुन्हां जपानांत गेले तेव्हां पेद्रो बाप्तिस्ता ह्या आपल्या वडील धर्मगुरूंचे ते दुभाषीच झाले. हिदेयोशी ह्या सत्ताधीशानें १५८७ सालींच पाद्र्यांस देशत्यागाचा हुकूम दिला होता, परंतु तो बहुतांशीं कागदावरच राहिला होता. १५९६ च्या अखेरीस त्याचा कोप एकाएकीं भडकला. क्योतो व ओसाका येथें चोवीस जणांस धरून त्यांच्या डाव्या कानाची पाळी कापण्यांत आली, आणि ऐन हिवाळ्यांत त्यांस शेंकडों मैल चालवीत नागासाकीस आणिलें. वाटेंत दोघांची भर पडून संख्या सव्वीस झाली. सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट, बाकीचे सतरा जपानी प्रापंचिक. त्यांत बारा वर्षांचा लुईस नांवाचा एक मुलगाही होता. १५९७ च्या ५ फेब्रुवारी रोजीं निशिझाका टेंकडीवर ह्या सव्वीस जणांस क्रुसांवर चढवून भाल्यांनीं भोसकलें. पोप नववे पायस यांनीं १८६२ च्या ८ जून रोजीं त्यांस संतपद दिलें. ही १८६२ ची तारीख वाचकांनीं मनांत ठेवावी. तिचें काम पुढें पडेल.

१६१४ सालीं तोकुगावा घराण्यानें देशभर ख्रिस्ती धर्माची बंदी पुकारली आणि पाद्र्यांस गलबतांत घालून मकाव व मनिल्यास पाठविलें. कांहीं धर्मगुरू लपून राहिले, कांहीं वेषांतर करून परत आले, आणि एकामागून एक सांपडत गेले. १६२२ च्या १० सप्टेंबरास त्याच निशिझाकावर पंचावन्न जणांस एकाच दिवशीं ठार करण्यांत आलें. १६३७-३८ मध्यें करांच्या व छळाच्या जाचानें शिमाबारा येथें शेतकऱ्यांनीं बंड केलें, तें रक्तांत बुडालें, आणि त्यानंतर पोर्तुगीज गलबतांस जपानचा किनारा कायमचा बंद झाला. देशांत उरलेले शेवटचे धर्मगुरू कोनिशी मान्सियो यांचा १६४४ सालीं वध झाला. त्या दिवसानंतर अवघ्या जपानांत मिस्सा अर्पिण्यास एकही अभिषिक्त हात उरला नाहीं.

सरकारची समजूत झाली कीं रोग समूळ गेला. तरीही खबरदारीस कमी नव्हती. प्रत्येक कुटुंबानें कोणत्या ना कोणत्या बौद्ध देवळांत आपलें नांव नोंदविलेंच पाहिजे असा कायदा होता. रस्त्यांच्या नाक्यांवर फळ्या लावलेल्या असत. लपलेला पाद्री दाखवून देणाऱ्यास रुप्याचीं पांचशें नाणीं बक्षीस, साधा ख्रिस्ती दाखवून देणाऱ्यास त्याहून कमी, असे दर त्यांवर लिहिलेले असत. आणि दरवर्षीं नववर्षाच्या सुमारास नागासाकीकडील लोकांस घरटी एका पाटीवर पाय ठेवावा लागे. त्या पाटीवर क्रुसावरील प्रभूची किंवा पवित्र मातेची आकृति असे. तिला फुमि-ए म्हणत. जो पाय ठेवण्यास कचरला तो ख्रिस्ती ठरला.

अशा देशांत, अशा नजरांखालीं, नागासाकीनजीकचें उराकामी खोरें, सोतोमेचा खडकाळ किनारा, इकित्सुकी व गोतो हीं बेटें ह्या ठिकाणीं गांवेंच्या गांवें ख्रिस्ती राहिलीं. कशीं राहिलीं?

पाद्री देशांत होते तेव्हां त्यांनीं गांवोगांवीं भाविकांचीं मंडळें स्थापिलीं होतीं. एकमेकांस धीर देणें, आजाऱ्यास पाहणें, मृतास पुरणें हीं त्यांचीं कामें. धर्मगुरू नाहींसे झाल्यावर हीं मंडळेंच ख्रिस्तसभेचीं हाडें झालीं. उराकामींत तीन पायऱ्यांची व्यवस्था होती. सर्वांत वर चोकाता, म्हणजे पंचांग सांभाळणारा. त्याच्यापाशीं १६३४ सालच्या सणवारांचें हातानें उतरून घेतलेलें पंचांग असे. त्यावरून तो दरवर्षीं जपानी महिन्यांशीं मेळ घालून नाताळ केव्हां, उपवासकाळ केव्हां लागतो, ईस्टर कोणत्या दिवशीं येतो, हें ठरवी. त्याच्या खालीं मिझुकाता, म्हणजे बाप्तिस्मा देणारा. त्याच्या खालीं किकियाकु. हा घरोघर फिरून अमुक दिवशीं सण आहे असें कुजबुजून सांगे. सणाच्या दिवशीं बाया सुईदोरा हातीं घेत नसत आणि पुरुष शेतांत खत घालीत नसत. शेजारच्या परधर्मीयास वाटावें, आज ह्यांस आळस आला आहे.

गरजेच्या प्रसंगीं कोणीही मनुष्य बाप्तिस्मा देऊं शकतो, हें आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत प्रत्येक मुलास शिकवितात. आणि खरें सांगावयाचें तर तें ऐकून आपण विसरूनही जातों. येथें एका संबंध लोकसमूहाचें तारण त्या एका कलमावर दोनशें वर्षें तोलून राहिलें. त्यांच्या प्रार्थनांस ते ओराशो म्हणत. हा शब्द लॅटिन भाषेंतील. त्याचा अर्थही प्रार्थना हाच. बापानें मुलाला, आजीनें नातवाला काळोखांत तोंडपाठ म्हणून द्यावयाची, लिहावयाची नाहीं. पिढ्यानुपिढ्या लॅटिन व पोर्तुगीज शब्दांचीं टोंकें झिजलीं, अर्थ हरपले, तरी शब्द टिकले. घरांत बौद्धांच्या कान्नोन देवतेची मूर्ति असे. तिच्या मांडीवरील बाळाकडे पाहून ते मनांत पवित्र मरियेचें नांव घेत. घरीं मृत्यु झाला कीं कायद्याप्रमाणें भिक्षूला बोलवावें लागे. तो पुढल्या खोलींत आपलीं सूत्रें पठण करी, आणि त्याच वेळीं आंतल्या खोलींत चारदोन माणसें दबल्या आवाजांत ओराशो म्हणत बसत. सोतोमे भागांतील तेन्पुकुजी नांवाच्या बौद्ध देवळानें तर ह्या लोकांस जाणूनबुजून आसरा दिला असें तेथें सांगतात, आणि पुढें चांगले दिवस आल्यावर ख्रिस्ती लोक तो उपकार विसरले नाहींत. हेंही लिहून ठेवणें न्यायाचें आहे.

आतां त्या पाटीचा प्रश्न. येथें आमची लेखणी क्षणभर अडखळते. कारण ह्या गुप्त ख्रिस्ती लोकांपैकीं बहुतेक सर्व दरवर्षीं त्या पाटीवर पाय ठेवीत. ज्यांनीं ठेवला नाहीं ते रक्तसाक्षी झाले. त्यांची नांवें आपण आदरानें घेतों. परंतु आज जे वंशज आहेत ते ज्यांनीं पाय ठेवला त्यांचेच. १६५७ सालीं ओमुरा प्रांतांत एका गांवाचें गुपित फुटलें. सहाशेंवर माणसें पकडलीं गेलीं आणि चारशेंवर मारलीं गेलीं. तें पाहिलेल्या आईबापांनीं मुलांचा हात धरून त्यांस पाटीवरून चालविलें. घरीं आल्यावर ते दार लावून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. तिला ते कोन्चिरिसान म्हणत. धर्मगुरू नसतांना पापी माणसानें परिपूर्ण पश्चात्ताप कसा करावा, हें शिकविणारी एक लहानशी पुस्तिका १६०३ सालीं जपानांत छापली गेली होती. तिच्या हस्तलिखित नकला व तिची प्रार्थना ह्या लोकांनीं प्राणापलीकडे जपून ठेविली. संधि मिळतांच पापनिवेदन करूं, असा निश्चय ह्या पश्चात्तापांतच अंतर्भूत असतो. म्हणजे पापनिवेदन ऐकणारा कोणीही नसतांना हे लोक दरवर्षीं पापनिवेदनाचें वचन देत होते. बापानें दिलें आणि वारला. मुलानें दिलें आणि वारला.

ह्यांस भित्रे म्हणावें कीं निष्ठावंत? पुष्कळ सज्जनांनीं ह्यावर कठोर निवाडे दिले आहेत. आमच्यापुरतें आम्ही इतकेंच म्हणतों कीं, ज्या प्रेषितानें अंगणांतील शेकोटीपाशीं प्रभूला तीनदां नाकारलें, त्यालाच प्रभूनें आपलीं मेंढरें चारावयास सांगितलें. मनुष्याची निष्ठा तुटली म्हणून देवाचें वचन तुटत नाहीं. आणि तसें तें तुटत असतें तर उराकामीचें खोरें पहिल्याच नववर्षीं रिकामें झालें असतें.

ह्या लोकांपाशीं धीराचें आणखी एक साधन होतें. सोतोमेच्या बाजूस बास्तियान नांवाचा एक जपानी धर्मशिक्षक होऊन गेला अशी परंपरा आहे. पंचांग सांभाळण्याची विद्या त्यानेंच लोकांस दिली म्हणतात. त्याच्याविषयींची बहुतेक माहिती तोंडोतोंडीं आलेली असल्यामुळें इतिहासाच्या कसोटीवर ती पुरती घासून पाहतां येत नाहीं. परंतु लोक काय मानीत होते हें निश्चित ठाऊक आहे, आणि आमच्या विषयाला तेवढें पुरे. मरणापूर्वीं बास्तियाननें सांगून ठेविलें कीं, सात पिढ्यांपर्यंत मी तुम्हांला आपलीं लेंकरें समजेन. त्यानंतर मोठ्या काळ्या जहाजांतून पापनिवेदन ऐकणारे गुरू येतील आणि तुम्हांला आठवड्याआठवड्यालाही पापनिवेदन करितां येईल. ख्रिस्ती गीतें तुम्ही उघड्यावर मोठ्यानें गाल. आणि वाटेंत परधर्मीय भेटले तर तेच तुम्हांला वाट देतील. ज्या झाडाच्या बुंध्यावर त्यानें बोटानें क्रूस उमटविला असें मानीत, तें झाड १८५६ च्या धरपकडीच्या वेळीं, परक्यांच्या हातीं लागूं नये म्हणून, ख्रिस्ती लोकांनींच तोडून त्याचे तुकडे घरोघर वांटून घेतले. घरांत कोणी वारलें कीं त्यांतली एक ढलपी मृताबरोबर देत.

वाचकहो, ह्या अभिवचनांतील मागणी किती लहान आहे पाहा. राज्य नाहीं, सूड नाहीं, धनधान्य नाहीं. आठवड्याला एकदां पापनिवेदन करितां यावें! आपल्यापैकीं कित्येकांस शनिवारीं सायंकाळीं तेवढ्यासाठीं देवळापर्यंत जाणें जड वाटतें, हें आठवून आम्हांला लाज वाटली.

काळीं जहाजें आलीं. १८५३ सालीं अमेरिकेचा सेनापति पेरी यानें जपानचें दार ठोठावलें. १८५८ च्या तहांनीं परदेशी लोकांस आपआपल्या वसाहतींत प्रार्थनामंदिर बांधण्याची मोकळीक मिळाली. जपानी प्रजेस बंदी होतीच. पॅरिसच्या परदेशी मिशन संस्थेच्या धर्मगुरूंनीं नागासाकीच्या ओउरा टेंकडीवर एक लांकडी देऊळ उभारलें आणि नुकत्याच संतपद पावलेल्या सव्वीस रक्तसाक्ष्यांस तें वाहिलें. देवळाचें तोंड निशिझाकाच्या दिशेस ठेविलें. १८६५ च्या १९ फेब्रुवारी रोजीं त्याचें उद्घाटन झालें. शहरांतील लोक त्याला फ्रेंचांचें देऊळ म्हणून पाहावयास येत. अशा रीतीनें आमच्या गोन्सालोंच्या व त्यांच्या सोबत्यांच्या नांवानें बांधलेलें देऊळ तेथें उभें राहिलें, आणि एका महिन्याच्या आंतच त्या देवळांत जें घडलें तें असें:

१७ मार्च, शुक्रवार, दुपारची वेळ. दहापंधरा माणसें, बायका, पुरुष व मुलें, देवळाच्या बंद दारापाशीं उभीं होतीं. फादर पेतीजाँ यांनीं दार उघडलें व ते वेदीपुढें जाऊन गुडघे टेंकून प्रार्थना करूं लागले. एक प्रभूची प्रार्थना म्हणावयास लागेल इतक्याच वेळानें तीन स्त्रिया त्यांच्याजवळ येऊन गुडघ्यांवर बसल्या. त्यांतील एकीनें आपल्या छातीवर हात ठेवून, भिंतींनीं ऐकूं नये अशा बेतानें, हळूच सांगितलें कीं येथें आलेल्या आम्हां सर्वांचें अंतःकरण तुमच्या अंतःकरणासारखेंच आहे. फादरांनीं विचारलें, तुम्ही कोठले? तर उराकामीचे, तेथें जवळजवळ सर्वांचें अंतःकरण असेंच आहे. आणि लगेच तिनें विचारलें, सांता मरियेची मूर्ति कोठें आहे?

सांता मारिया हें नांव ऐकतांच फादर पेतीजाँ यांचा संशय फिटला. त्यांनीं त्यांस मूर्तीपाशीं नेलें. सर्वजण भोवतीं जमले. ही सांता मरियाच, हिच्या हातावर बाळ येशु आहे, असें एकमेकांस दाखवूं लागले. मग त्यांनीं आपल्याकडील गोष्टी सांगितल्या. हिंवाच्या महिन्याच्या पंचविसाव्या दिवशीं आम्ही प्रभु येशूच्या जन्माचा सण पाळतों. तो मध्यरात्रीं गोठ्यांत जन्मला, दारिद्र्यांत वाढला, तेहेतिसाव्या वर्षीं आमच्यासाठीं क्रुसावर मेला. आतां आमचा दुःखाचा काळ चालूं आहे. तुम्हीही हा पाळतां काय? फादरांनीं उत्तर दिलें, होय, आज दुःखकाळाचा सतरावा दिवस.

त्या वर्षीं राखेचा बुधवार १ मार्च रोजीं आला होता. म्हणजे सव्वादोनशें वर्षें एकही धर्मगुरू न पाहिलेले लोक, १६३४ सालच्या पंचांगावरून हिशेब करीत करीत, रोमेंतल्या पोपबरोबर एकाच वेळीं उपवास करीत होते! आमच्याकडील वृद्ध स्त्रिया उपवासाचे दिवस बोटांवर मोजीत असत, त्याची आम्हांला येथें आठवण होते. इतक्यांत दुसरे जपानी प्रेक्षक देवळांत शिरले आणि हे लोक पक्ष्यांसारखे पांगले.

पुढें दुसऱ्या एका गांवचा पेत्र नांवाचा बाप्तिस्मा देणारा आला. त्यानें अधिक बारकाईनें चौकशी केली. रोमच्या राज्यांतील मोठ्या धर्माधिपतीचा निरोप घेऊन तुम्ही आलां काय? तुम्हांला बायकामुलें आहेत काय? पोपनेंच पाठविलें आणि धर्मगुरू अविवाहित राहतात, हीं उत्तरें मिळाल्यावर त्यानें जमिनीस डोकें लावून देवाचे आभार मानिले. पूर्वजांनीं खऱ्या गुरूंची ओळख म्हणून ज्या खुणा सांगून ठेविल्या होत्या त्या जुळल्या. किनाऱ्याकिनाऱ्यानें, बेटाबेटांवरून, हजारों माणसें ह्या देवळाकडे डोळे लावूं लागलीं. मनुष्य देवाला शोधतो असें आपण म्हणतों. येथें कोणीं कोणास शोधलें तें सांगणें कठीण आहे.

येथें एक खुलासा करणें इष्ट. १७३९ सालीं चिमाजी आप्पानें वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज व त्यांच्याबरोबर परदेशी संन्यस्त धर्मगुरू निघून गेले, आणि आपल्या पूर्वजांस थोड्याशा एतद्देशीय धर्मगुरूंवर दिवस काढावे लागले. म्हणून आमचीही स्थिति जपानसारखीच होती, असें उत्सवाच्या भाषणांत कधीं कधीं ऐकूं येतें. तें बरोबर नाहीं. वसईच्या तहांत राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस धर्माचरणाची मोकळीक होती, मिस्सा चालूं होती, पायाखालीं पाटी नव्हती. आपल्या पूर्वजांची निष्ठा लहान नव्हती. परंतु दुसऱ्याच्या जखमा आपल्या अंगावर दाखवूं नयेत.

दार उघडल्याबरोबर सुख आलें असें मात्र नाहीं. धर्मगुरू मिळाल्यावर उराकामीच्या लोकांनीं १८६७ सालीं बौद्ध भिक्षूस न बोलावितां आपले मृत आपणच पुरले आणि उघड ख्रिस्ती असल्याचें सांगून टाकिलें. पाटीवर पाय ठेवणाऱ्यांचे हे नातू! जुलै महिन्यांत एका रात्रीं अडुसष्ट जणांस धरून नेलें. पुढें शोगुनची सत्ता जाऊन मेइजी बादशहाचें नवें सरकार आलें, तरी धर्मबंदी कायम राहिली. आणि १८६८ ते १८७० ह्या काळांत उराकामीचीं तीन हजारांवर माणसें, संबंध गांवच, वीसएक निरनिराळ्या प्रांतांत हद्दपार झालीं. ह्या हद्दपारीला ते लोक पुढें आयुष्यभर ताबी म्हणत. ताबी म्हणजे प्रवास.

त्सुवानो ह्या डोंगराळ गांवीं नेलेल्यांचे हाल विशेष झाले. यासुतारो नांवाच्या एका तिशीच्या गृहस्थास तीन फुटी पिंजऱ्यांत घालून हिमांत उघड्यावर ठेविलें. पिंजरा असा कीं त्यांत धड उभें राहतां येऊं नये कीं पाय लांबवितां येऊं नयेत. रात्रीं त्याचे सोबती लपतछपत त्याच्यापाशीं गेले व एकट्याला फार जड जात असेल म्हणून दुःख करूं लागले. त्यावर तो म्हणाला कीं मी एकटा नाहीं. मध्यरात्र झाली कीं निळीं वस्त्रें ल्यालेली, सांता मरियेच्या चित्रासारख्या चेहऱ्याची एक स्त्री येते आणि माझ्याशीं बोलत बसते. मात्र मी जिवंत असेपर्यंत हें कोणास सांगूं नका. १८६९ च्या आरंभीं तो वारला. त्याच गांवीं युजिरो नांवाचा चवदा वर्षांचा मुलगाही छळानें मेला. हद्दपारींत एकंदर सहाशेंहून अधिक माणसें दगावलीं. पुष्कळ जण डळमळले, कागदांवर सह्या करून मोकळे झाले, आणि त्यांतले बरेच पुढें परत येऊन रडले. वर फुमि-एविषयीं जें लिहिलें तेंच येथेंही लागू आहे.

परराष्ट्रांच्या निषेधामुळें १८७३ च्या २४ फेब्रुवारी रोजीं त्या बंदीच्या फळ्या नाक्यानाक्यांवरून उतरविण्यांत आल्या आणि प्रवासी घरीं परतले. घरें मोडलेलीं, शेतें पडीक. तरी १८८० सालीं त्यांनीं पैसा जमवून गांवच्या मुखत्याराचा वाडा विकत घेतला. पिढ्यानुपिढ्या ज्या वाड्यांत त्यांच्या पूर्वजांस पाटीवर पाय ठेवावा लागला, तोच हा वाडा. त्या जागेवर १८९५ सालीं त्यांनीं मोठ्या देवळाचें काम आरंभिलें. तें १९१४ सालीं पुरें झालें.

सर्वच गुप्त ख्रिस्ती मात्र परत ख्रिस्तसभेंत आले नाहींत. इकित्सुकीसारख्या ठिकाणीं पुष्कळांनीं वाडवडिलांची रीत सोडण्यास नकार दिला. ज्या रीतीसाठीं आजे मेले ती चुकीची होती असें कोणीं सांगावें, हा त्यांचा सवाल. त्यांच्या वंशजांपैकीं थोडे अजूनही जुने ओराशो म्हणतात. त्यांच्याविषयीं तुच्छतेनें बोलण्याचा अधिकार आमच्यापाशीं नाहीं.

बास्तियानचें अभिवचन पुरें झालें. काळीं जहाजें आलीं, गीतें उघड्यावर गाइलीं गेलीं, पापनिवेदन सुरू झालें. १९४५ च्या ऑगस्ट महिन्याच्या ९ तारखेस, अकराच्या सुमारास, उराकामीच्या देवळांत दोन धर्मगुरू येणाऱ्या स्वर्गोन्नयनाच्या सणासाठीं भाविकांचें पापनिवेदन ऐकत होते. अकरा वाजून दोन मिनिटांनीं देवळापासून अवघ्या पांचशें मीटरांवर अणुबाँब फुटला. देवळांतला एकही मनुष्य वांचला नाहीं. उराकामीच्या बारा हजार कॅथॉलिकांपैकीं सुमारें साडेआठ हजार मरण पावले. ज्या एका गोष्टीची त्यांच्या पूर्वजांनीं सात पिढ्या वाट पाहिली, तीच करीत असतां मृत्यूनें त्यांस गांठलें. प्रभूनें संगतीस राहण्याचें वचन दिलें होतें. अग्नीपासून राखण्याचें नव्हे. ह्यापुढें कांहीं स्पष्टीकरण करूं पाहणें म्हणजे मृतांचा उपमर्द होईल, म्हणून तें करीत नाहीं.

देवळाच्या दोन मनोऱ्यांतील दोन घंटा खालीं कोसळल्या. एक फुटून निकामी झाली. दुसरी ढिगाऱ्याखालीं शाबूत सांपडली. वांचलेल्या लोकांनीं ती उकरून काढिली, ओंडक्यांची तिकटी उभी करून तीवर टांगिली, आणि त्याच वर्षींच्या नाताळच्या पूर्वरात्रीं त्या राखेच्या खोऱ्यांत वाजविली. देऊळ १९५९ सालीं पुन्हां बांधलें. एका मनोऱ्यांत ती घंटा चढविली, दुसरा मनोरा रिकामा राहिला. त्यांतील नवी घंटा अमेरिकेंतील कॅथॉलिकांनीं वर्गणी करून दिली. २०२५ च्या ९ ऑगस्ट रोजीं, अकरा वाजून दोन मिनिटांनीं, दोन्ही घंटा ऐंशी वर्षांनीं प्रथमच बरोबर वाजल्या.